वहींतील गणित व घरांतील औषध

भूमितिश्रेढी शिकवितांना आम्ही आजवर बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांचें उदाहरण देत आलों. यंदा तिचें दुसरें उदाहरण आमच्या घरींच घडलें. तें सांगण्यास संकोच वाटतो, परंतु सांगणें अवश्य आहे.

आमच्या धाकट्या मुलाचा घसा जंतूंनीं सुजला व ताप भरला. डॉक्टरांनीं दहा दिवसांचें प्रतिजैविक औषध दिलें. तिसऱ्या दिवशीं ताप उतरला, मुलगा अंगणांत खेळूं लागला, आणि आतां औषधाचें काय काम, असें म्हणून आम्हीं तें बंद केलें. आठवड्याच्या आंत ताप परतला. डॉक्टर रागावले नाहींत. "मास्तर, आपण तर गणित शिकवितां," एवढेंच म्हणाले. त्या रात्रीं आम्ही वही घेऊन बसलों.

कांहीं जंतु प्रयोगशाळेंत भरपूर अन्न मिळाल्यास सुमारें 20 मिनिटांत दुप्पट होतात; त्या हिशेबानें एकाचे 10 तासांत 1,07,37,41,824 होतील. औषधानें मरणाचा वेग जन्माच्या वेगाहून अधिक झाला, म्हणजे संख्या घटूं लागते. समजा, शरीरांत 10 कोटि जंतु आहेत व दर बारा तासांनीं दहांतील नऊ मरतात. दोन दिवसांनीं 10,000 उरतील. रोगी म्हणेल, बरा झालों! तेथेंच औषध थांबविलें व उरलेले तासागणिक दुप्पट झाले, तर चौदा तासांत ते पुन्हां 10 कोटींच्या वर जातील. शरीराची स्वतःची संरक्षणशक्ति येथें धरलेली नाहीं, म्हणून हा हिशेब कच्चा होय. तथापि शून्याजवळ येणें म्हणजे शून्य होणें नव्हे, हें त्यावरून कळतें.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. 1943 सालीं लुरिया व डेल्ब्रुक यांनीं प्रयोग व गणित यांच्या साह्यानें दाखविलें कीं, विषाणूंस दाद न देणारे जंतु विषाणूंची गांठ पडण्यापूर्वींच आपोआप उपजलेले असतात. औषधाचेंही पुष्कळदां असेंच असतें. अपुरी मात्रा दुर्बळांस मारते व अशा हट्टी जंतूंस रान मोकळें करून देते. पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं 1945 सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांत हाच धोका सांगितला. त्यांच्या कल्पित गोष्टींतील रोग्याचाही घसाच दुखत होता, आणि त्याच्या चुकीचें फळ त्याच्या पत्नीनें प्राण देऊन भोगलें.

असो. ईश्वरकृपेनें आमचा मुलगा बरा झाला. पालकांस एवढीच विनंति कीं, डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध द्यावें, व त्यांनीं न सांगितल्यास आपण होऊन तें मागूं नये. मुलांनो, फळ्यावरील उदाहरण सोडविणें सोपें आहे. तेंच घराच्या उंबरठ्यावर येऊन उभें राहिलें असतां ओळखणें ही खरी परीक्षा. तींत तुमचे मास्तर एकदां नापास झाले आहेत.