घड्याळातला चंद्र

चंद्राशी आपला व्यवहार नित्याचा आहे. एकादशी, संकष्टी, पौर्णिमेची पालखी, सारे त्याच्याच गतीवर चालते. त्यामुळे असेल, परंतु एखादे उंची यांत्रिक घड्याळ पाहताना माझे मन त्याच्या सोन्यापाशी वा किमतीपाशी फारसे रेंगाळत नाही; ते तबकडीवरील चंद्राच्या इवल्याशा झरोक्यापाशी जाऊन थांबते.

त्या झरोक्यामागे निळ्या रंगाची एक चकती असते, आणि तिच्यावर एक नव्हे, दोन चंद्र समोरासमोर रेखलेले असतात. चकतीच्या कडेला ५९ दाते. तासकाट्याच्या चक्राशी जोडलेले एक बोट चोवीस तासांत एकदा फिरते आणि एक दाता पुढे ढकलते. ५९ दिवसांत फेरा पुरा होतो, म्हणजे प्रत्येक चंद्राच्या वाट्यास साडेएकोणतीस दिवस येतात. झरोक्याच्या दोन्ही अंगांस तबकडीचेच दोन गोल उंचवटे ठेवलेले असतात. एकाआडून चंद्र बाहेर येऊ लागला की शुक्लपक्ष, दुसऱ्याआड जाऊ लागला की कृष्णपक्ष. युक्ती इतकी साधी की तिचेच नवल वाटावे.

परंतु आकाशातील चांद्रमास सरासरीने २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे ३ सेकंदांचा. घड्याळातला चंद्र दर महिन्यास ही ४४ मिनिटे पुढे पळतो आणि अडीच वर्षे उलटून थोडा काळ गेला की पुरा एक दिवस चुकतो. (आपला अधिकमासही साधारण तितक्याच अंतराने येतो, पण तो निव्वळ योगायोग, त्याचे मूळ चांद्र व सौर वर्षांच्या तफावतीत आहे.) हा दोष कारागिरांस सलत होता. त्यांनी चक्रांची साखळी वाढवली, १३५ दात्यांचे चक्र बसवले, आणि महिन्याची चूक ५७ सेकंदांवर आणली. म्हणजे एक दिवस चुकावयास १२२ वर्षे लागावीत. जर्मनीतील ग्लासहूटे गावच्या लांगे या घराण्याने तर एका घड्याळात हा अवधी १०५८ वर्षांवर नेला. आता इतकी वर्षे खंड न पडता चावी कोण देणार, हे विचारू नये! दोन-तीन दिवस विसर पडला की कमान सैल होते आणि चंद्र जागच्या जागी थबकतो.

येथे आपल्या ज्योतिषातील 'मध्यम' आणि 'स्पष्ट' ही जोडी आठवते. चंद्र एका चालीने चालत नाही. पृथ्वीजवळ असता त्वरेने, दूर असता मंदगतीने जातो. म्हणूनच एखादी तिथी सुमारे २० तासांत आटोपते, तर एखादी २६ तासांहूनही लांबते, आणि पंचांगात क्षय-वृद्धी मांडाव्या लागतात. पंचांगकर्ता मध्यम चंद्रास संस्कार देऊन स्पष्ट चंद्र काढतो. हे घड्याळ मध्यम चंद्रावरच थांबते. १०५८ वर्षांची ती ख्याती सरासरीच्या चंद्राची आहे. लक्षावधी रुपये मोजूनही त्याच्याकडे पाहून संकष्टीचा उपास सोडता यावयाचा नाही. त्यासाठी पंचांगातील चंद्रोदयच पाहिला पाहिजे. माझ्या मते १२२ वर्षांचा चंद्र पुष्कळ झाला. त्यापुढची मजल हा हौसेचा भाग.

ही हौस मात्र तुच्छ मानवत नाही. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सैको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि अचूकपणाचा मान यंत्राकडून स्फटिकाकडे गेला. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळधंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती. १९८५ च्या सुमारास ती तीस हजारांच्या थोडी वर उरली. त्याच पडत्या काळात, १९८३ साली, ब्लाँपाँ या जुन्या नावाने चंद्रकला दाखविणारे यांत्रिक घड्याळ पुन्हा काढले. वेळेसाठी ज्याची गरज उरली नव्हती, ते घड्याळ चंद्रासाठी घेणारी माणसे निघाली.

झू खोऱ्यातील कसबी कारागीर आजही तबकडीखालच्या पोलादी तुकड्यांच्या कडा तिरप्या कापतात आणि डोंगरात उगवणाऱ्या जेन्शन वनस्पतीच्या वाळक्या काडीने घासून त्यांना झळाळी आणतात. चंद्राची चकती बसली की त्या कडा झाकल्या जातात. पुन्हा घड्याळ उघडेपर्यंत त्या कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.