जागं कोण आहे

लांबच्या सफरीला निघताना घ्यायची अंडी धुतलेली नसावीत, फ्रिजमध्ये कधी ठेवलेली तर मुळीच नसावीत आणि वाटेत ती दर दोन-तीन दिवसांनी उलटी करावीत. एवढं केलं की उष्ण कटिबंधातल्या होडीवरही ती कितीतरी आठवडे टिकतात. हे वाचलं आणि मी तिथंच अडकले. भर समुद्रात, हलत्या होडीत, कुणीतरी आठवणीनं अंड्यांना कूस बदलायला लावतंय.

हा सल्ला शिडाच्या होडीवर संसार करणाऱ्यांमध्ये जुना आहे. लिन पार्डीनं तर समुद्रावरच्या स्वयंपाकाचं आख्खं पुस्तकच लिहिलं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, लॅरीनं, ‘सेराफिन’ ही होडी स्वतःच्या हातांनी बांधली. 1968 साली ती कॅलिफोर्नियात पाण्यात उतरली. लांबी 24 फूट 4 इंच, इंजिन नाही, उजेडाला रॉकेलचे दिवे. त्या होडीतून हे नवरा-बायको अकरा वर्षं पृथ्वीभोवती हिंडले. जपानहून कॅनडाला यायला त्यांना 49 दिवस लागले. रोज काय शिजवलं, काय उरलं, काय आधी संपवायला हवं, हे लिन टिपून ठेवत गेली आणि त्याचं पुस्तक झालं. कोकणात पावसाळ्याआधी सुकी मासळी, आमसुलं, कांदे, लाकडं भरून ठेवतात, तशी ही होडीची आगोट. मात्र इथे काही कमी पडलं तर उसनं मागायला शेजार नाही.

शिडाची होडी, निळीशार खाडी आणि पुढे ओणवलेला माड, अशी छायाचित्रं मला फार वेळ धरून ठेवत नाहीत. नांगर टाकल्यानंतरची सगळी चित्रं सारखीच. मला ओढ आहे ती दोन बेटांमधल्या रात्रींची. पनामाचा कालवा ओलांडून पॅसिफिकमध्ये शिरलेल्या होड्या गालापागोसवरून मार्केसास बेटांकडे निघतात. हा टप्पा सुमारे तीन हजार सागरी मैलांचा, छोट्या होडीला तीन-चार आठवड्यांचा. व्यापारी वारे पाठीशी असतात, वाऱ्याच्या जोरावर आपोआप वळणारं सुकाणू असतं, पण रात्री डोळे माणसाचेच लागतात. दूरवर एखाद्या जहाजाचा दिवा दिसतो, सर येताना दिसते, शीड आखडून घ्यावं लागतं. म्हणून पाळ्या लावतात. तीन तास एकाचे, तीन तास दुसऱ्याचे.

म्हणजे एवढ्याशा जागेत अहोरात्र बरोबर असलेली दोन माणसं आठवडेच्या आठवडे शेजारी निजत नाहीत. एकजण उठतो, दुसरा त्याच ऊबदार अंथरुणात शिरतो. होडी कलली तरी खाली कोसळू नये म्हणून बाजूला जाड कापडाची आड ताणून बांधतो. भेट होते ती पाळी बदलताना. वारा कुठल्या अंगाचा आहे, दिवा कुठे दिसला होता, थर्मासात चहा आहे. तेवढंच बोलणं. मग निजलेला माणूस डोक्यावरच्या फळ्यांवरची पावलं ऐकत राहतो. पावलांवरून त्याला कळतं, आता दोर सैल केला, आता शिडाशी गेली, आता परत सुकाणूपाशी येऊन बसली. ती परतल्याचं कळल्यावरच त्याला झोप लागते. आपला जीव दुसऱ्याच्या जागेपणावर सोपवून गाढ झोपणं, हे मला लग्नातल्या कितीतरी शपथांपेक्षा मोठं वाटतं.

आणि इथे मला फॅनी आठवते. फॅनी स्टीव्हन्सन, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची बायको. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. 1880 साली लग्न झालं तेव्हापासून तिची जागण्याची पाळी सुरू झाली, कारण लुईची छाती पोखरलेली होती आणि कधी रक्ताची गुळणी येईल याचा नेम नव्हता. ती जागत राहिली आणि तो अंथरुणात बसून लिहीत राहिला. 1888 साली ती कॅलिफोर्नियात होती आणि तो अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला. तिनं ‘कॅस्को’ नावाचं शिडाचं दोन डोलकाठ्यांचं देखणं गलबत भाड्यानं मिळतंय असं पाहिलं आणि त्याला तार केली. त्याचं उत्तर तत्काळ आलं : घे. लुईच्या वडिलांच्या मागे आलेला पैसा त्यात घातला आणि 28 जूनला मंडळी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली.

मंडळीत फॅनीचा तरुण मुलगा होता, मोलकरीण होती आणि लुईची आई होती. साठीला टेकलेल्या, विधवेची पांढरी टोपी घालणाऱ्या या स्कॉटिश सासूबाईंना समुद्र मानवला. बेटांवर त्या अनवाणी फिरल्या, बहिणीला लांबलचक पत्रं लिहीत राहिल्या. ती पत्रं पुढे छापलीही गेली. लुई तर डेकवर उभा, उन्हानं रापलेला, वर्षानुवर्षांत पहिल्यांदा निरोगी माणसासारखा. आणि ज्या बाईनं हे सारं जुळवून आणलं, ती खाली आडवी. फॅनीला बोट लागे. थोडीथोडकी नव्हे, प्रत्येक प्रवासात.

नुकू हिवा बेटाच्या अनाहो खाडीत नांगर पडला. तिथले लोक गलबतावर आले आणि केबिनमधली लाल मखमल पाहून हरखले. पुढे फाकारावा, मग ताहिती. तिथे लुईला पुन्हा रक्त पडू लागलं. फॅनीनं त्याला तौतिरा गावी हलवलं. मोए नावाची राजघराण्यातली बाई रोज कच्ची मासळी लिंबू आणि नारळाच्या दुधात कालवून आणायची. ती मासळी लुईच्या अंगी लागली आणि तो उठून बसला. गावचा मुखिया ओरी त्यांचा यजमान झाला. याच मुक्कामात उघड झालं की ‘कॅस्को’च्या डोलकाठ्या आतून कुजलेल्या आहेत. इतके दिवस ज्या काठ्यांच्या भरवशावर ही माणसं वादळवाऱ्यातून आली, त्या एखाद्या जोरदार झोतानं मोडल्या असत्या. गलबत दुरुस्तीला गेलं ते लवकर परतेना, पैसे संपले, तेव्हा ओरीनं त्यांना पोसलं. कुजलेल्या काठ्यांची बातमी कळल्यावर दुसरी कुणी बाई पहिल्या आगबोटीनं घरी निघाली असती. फॅनी ‘कॅस्को’वरूनच होनोलुलूला गेली, आणि 1889 मध्ये तिथून ‘इक्वेटर’ नावाच्या, खोबऱ्याचा व्यापार करणाऱ्या गलबतावर चढली.

निघण्यापूर्वी एका मैत्रिणीला तिनं लिहिलं, की समुद्राचा आपल्याला तिटकारा आहे आणि भीतीही वाटते, पण हवा उबदार आहे आणि नवरा बरा आहे. या पत्रापुढे मला लुईची साहसं फिकी वाटतात. त्याला समुद्रानं श्वास दिला आणि तिचा घेतला, आणि हा सौदा तिनं डोळे उघडे ठेवून पुन्हा पुन्हा केला. 1890 मध्ये ती दोघं ‘जॅनेट निकोल’ या आगबोटीवर होती. ऑकलंड सोडल्यावर केबिनमध्ये ठेवलेल्या शोभेच्या दारूनं पेट घेतला. रंगीत ज्वाळा, धूर, धावपळ. खलाशी जळत्या वस्तू उचलून समुद्रात फेकत होते. त्यांतली एक पेटी कठड्यावरून जाणार तेवढ्यात फॅनीनं त्यांना थांबवलं. आत लुईची हस्तलिखितं होती.

स्टीव्हन्सनच्या दक्षिण समुद्रावरच्या प्रवासवर्णनात फॅनी आहे, पण कडेकडेनं. तिनं स्वतः लिहिलेली त्या आगबोटीवरची रोजनिशी 1914 मध्ये पुस्तक म्हणून आली, तिच्या मृत्यूच्या वर्षी. लुई तोवर वीस वर्षांमागे सामोआत वारला होता. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. ब्रिटनच्या थंडीत तो इतका जगला नसता, असं माझं ठाम मत आहे.

दोन माणसांच्या होड्यांमध्ये मला आणखी एक प्रिय आहे, ‘वाँडरर थ्री’. एरिक आणि सुझन हिस्कॉक यांच्यासाठी इंग्लंडमध्ये 1952 साली बांधलेली, 30 फुटांची. दोघांनी तिच्यातून दोनदा जगाला फेरी घातली. एरिकची नजर अधू होती, आणि रात्रीच्या पाळीत सुझनच्या नजरेवर तो किती विसंबत असेल याचा विचार माझ्या मनात येतोच. एरिकच्या पुस्तकांवर समुद्रात जाणाऱ्यांच्या दोन पिढ्या वाढल्या. ती होडी पुढे दुसऱ्या एका जोडप्याचं घर झाली. तेही वर्षानुवर्षं तिच्यातच राहिले. मात्र ते उष्ण बेटांवरच थांबले नाहीत. ते दक्षिणेला उतरत गेले आणि साउथ जॉर्जियाच्या बर्फाळ किनाऱ्याशी, पेंग्विन आणि सीलच्या वस्तीत, दोन वर्षांहून अधिक काळ राहिले. तिथे अंडी उलटी करावी लागतात की नाही, हे त्या बाईला विचारायला मला फार आवडेल.