आटपाट नगराचे चित्र

श्रावणातील कहाण्यांच्या कथनरूपावर मी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. त्यातील अनुवादविषयक प्रकरणात सी. ए. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) या पुस्तकाचा बऱ्यापैकी विस्ताराने परामर्श घेतला. या पुस्तकात चित्रे आहेत आणि ती महादेव विश्वनाथ धुरंधर यांची आहेत, याची नोंद मात्र एखाद्या तळटीपेतही केली नाही. परीक्षकांनाही ती उणीव जाणवली नाही. संहिता म्हणजे शब्द, हे आम्ही सर्वांनीच गृहीत धरले होते.

धुरंधर (१८६७–१९४४) मूळचे कोल्हापूरचे. १८९० साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, पुढे तेथेच अध्यापक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. १८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्यांचे आत्मचरित्र ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने १९४० मध्ये आले. म्हणजे स्वतःचे आयुष्य त्यांनी संस्थेतील वर्षांनी मोजले. सामान्य माणसाच्या हाती मात्र धुरंधर पोचले ते छापील कागदावरून : पुस्तकांतील चित्रे, सचित्र पोस्टकार्डे, भित्तिपत्रके यांतून. कलेतिहासाने हे काम तैलचित्रांपुढे दुय्यम मानले आणि साहित्येतिहासाने ते आपले मानलेच नाही. दोन विद्याशाखांच्या बांधावरची ही जमीन पडीक राहिली.

किंकेड हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी. त्यांच्या कहाण्या प्रथम ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आल्या. अनुवाद शक्य तितका शब्दशः केला आहे, परंतु मराठी आणि इंग्रजी अभिरुचीतील अंतरामुळे क्वचित अर्थ किंचित बदलावा लागला, असे ते प्रास्ताविकात सांगतात. या कबुलीवर मी पुष्कळ लिहिले होते. ‘आटपाट नगर’ हे तर माझे आवडते उदाहरण. मराठीत ते कथेचे दार आहे. ते नगर कोठे आहे, हे ऐकणारा विचारीत नाही. किंकेडांच्या इंग्रजीत ‘आटपाट’ हे नगराचे विशेषनाम होते. संकेताचे नकाशातील ठिकाण झाले, हानी झाली, असा माझा निष्कर्ष होता.

परंतु चित्रकारापुढील पेच याहून अवघड होता, हे तेव्हा सुचले नाही. शब्दाला ‘नगर’ एवढे म्हणून थांबता येते. चित्रातील बाईला मात्र काहीतरी नेसवावेच लागते, घराला कोणता तरी उंबरा द्यावा लागतो. धुरंधरांनी हा पेच आपल्या पाहण्यातील मराठी संसाराच्या आधारे सोडवला. इंग्रज मुलांसाठी सिद्ध झालेल्या पुस्तकात शब्द परके झाले, तरी चित्रांनी त्या कथांचा मराठी मुलूख सोडला नाही. मात्र तो मुलूख कोल्हापूर-मुंबईकडचा होता, आणि माझी खरी अडचण तीच होती.

आमच्या घरी अकोल्याला श्रावणी सोमवारी आई मुठीत अक्षता धरून खुलभर दुधाची कहाणी वाचत असे. राजाज्ञेने गावातले सारे दूध देवळात ओतले, तरी गाभारा भरला नाही. वासरांना, लेकरांना पाजून उरलेले खुलभर दूध म्हातारीने आणले आणि तो भरला. माझ्या लेखी तो गाभारा राजराजेश्वराचाच होता. श्रावणात पूर्णेचे पाणी कावडींनी तेथे येते, ते मी लहानपणापासून पाहिले होते. म्हातारी आमच्याच गल्लीतली होती. धुरंधरांची चित्रे पाहिली तेव्हा माझे नगर कोणीतरी बळकावले, असे वाटले. ही अस्वस्थता मी प्रबंधात मांडली नाही. ती मांडण्याऐवजी ‘वासाहतिक दृष्टी’ हा शब्द हाताशी होता. त्या शब्दाला आधार नव्हता असे नाही. ऑटो रोथफील्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) मधील धुरंधरांच्या स्त्रिया जातींचे आणि प्रांतांचे नमुने म्हणूनच उभ्या आहेत. परंतु तोच आरोप कहाण्यांच्या चित्रांवर मनोमन लादून मी चित्रे न पाहण्याची सोय करून घेतली. राजराजेश्वराचा गाभारा हेही एक चित्रच होते. ते छापलेले नव्हते, एवढाच फरक. धुरंधर कहाणीचे वाचक होते, माझ्याआधीचे. आणि एका वाचकाने दुसऱ्याला वगळले होते.

आता अमरावतीला एम.ए.च्या वर्गात मी कहाणी आधी मोठ्याने वाचते, मग काय दिसले ते विद्यार्थ्यांना लिहायला सांगते आणि त्यानंतरच किंकेडांचे पुस्तक उघडते. मेळघाटातून आलेल्या मुलीचे नगर अमरावती शहरातल्या मुलाच्या नगरासारखे नसते, आणि दोघांचेही धुरंधरांसारखे नसते. तिन्ही नगरे शेजारी ठेवली की आटपाट या शब्दात किती जागा आहे हे कळते. अनुवादाने ती जागा गमावली, असे मी लिहिले होते. वाचणारा प्रत्येक जण ती आपल्यापुरती व्यापतो, हे लिहायचे राहिले. प्रबंध बांधून ग्रंथालयात गेला आहे. त्यातील न लिहिलेली तळटीप म्हणून हे टिपण.