बिनकुलपाचे गाव आणि कुलूपबंद खाती

ऑनलाइन खाते कुलूपबंद होणे म्हणजे पासवर्ड हरवणे, अशी सर्वसाधारण समजूत असली तरी पासवर्ड ही या व्यवहारातली सर्वांत सहज बदलता येणारी वस्तू आहे. खरा पेच पडतो तो पासवर्ड बदलून मागणारी व्यक्ती खातेदारच आहे, हे यंत्राला कसे पटावे, याचा. माणसामाणसांतल्या व्यवहारात हा पेच क्वचितच पडतो, कारण गाव माणसाला चेहऱ्यावरून, आवाजावरून, चालीवरून आणि ‘कोणाचा कोण’ या हिशेबाने ओळखत असते. अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरची घरे परंपरेने दारे-कुलपांवाचून राहिली, त्यामागे शनिदेवाच्या कोपाची श्रद्धा आहेच; पण चौकटीतून आत पाऊल टाकणारा आपला की परका हे शेजाऱ्याला एका नजरेत कळते, या व्यवहाराचाही त्या श्रद्धेला टेकू असावा. यंत्राला ही नजर नसते. खाते उघडताना आणि वापरताना खातेदाराने ज्या खुणा ठेवल्या असतील तेवढ्याच त्याच्याजवळ असतात, आणि म्हणून बंद खाते परत मिळणार की नाही याचा निकाल बहुतेक वेळा ते उघडले त्या दिवशीच लागून गेलेला असतो.

या खुणांचे शास्त्रात तीन वर्ग मानले जातात: खातेदाराला ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे पासवर्ड किंवा पिन, त्याच्याजवळ असलेली वस्तू, म्हणजे सिमकार्ड, फोन किंवा एटीएम कार्ड, आणि त्याच्या अंगी असलेले लक्षण, म्हणजे बोटांचे ठसे, डोळ्यांतील बुबुळ किंवा चेहरा. यांपैकी पासवर्ड सर्वांत जुना. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६०च्या दशकाच्या आरंभी एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची यंत्रणा तयार झाली, तेव्हा प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून पासवर्ड आले, आणि १९६६ साली एका चुकीमुळे त्याच यंत्रणेतील सर्वांच्या पासवर्डची यादी वापरकर्त्यांसमोर उमटली. पासवर्ड जसाच्या तसा साठवून ठेवणे किती धोक्याचे आहे, हा धडा अशा घटनांतून मिळाला. पुढे पासवर्डावर गणिती प्रक्रिया करून निघालेले एकेरी रूप, ज्याला ‘हॅश’ म्हणतात, तेवढेच साठवण्याची पद्धत रूढ झाली. दळलेल्या पिठातून पुन्हा गहू मिळत नाहीत, तसा हॅशवरून मूळ पासवर्ड काढता येत नाही. जो दिला जाईल तो पुन्हा दळून पीठ जुळते का, एवढेच यंत्र पाहते. त्यामुळे नीट बांधलेल्या सेवेत विसरलेला पासवर्ड कोणालाही, अगदी त्या सेवेच्या चालकालाही, सांगता येत नाही, आणि खातेदाराला नवा ठेवण्याची मुभा द्यावी की नाही, एवढाच निर्णय चालकाच्या हाती उरतो.

ही मुभा देण्यासाठी बराच काळ ‘गुप्त प्रश्न’ विचारले जात: आईचे नाव काय, जन्मगाव कोणते, आवडता पदार्थ कोणता. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की इंग्रजीभाषकांच्या आवडत्या पदार्थाचे उत्तर पहिल्याच अंदाजात बरोबर येण्याची शक्यता सुमारे २० टक्के होती, आणि अमेरिकेतल्या इंग्रजीभाषकांपैकी ४० टक्क्यांना मात्र गरज पडली तेव्हा आपलीच उत्तरे आठवली नाहीत. म्हणजे प्रश्न चोराला सोपा आणि धन्याला अवघड ठरला. मराठी समाजात तर या प्रश्नांना गुप्त म्हणणेच धाडसाचे आहे, कारण येथे वडिलांचे किंवा पतीचे नाव व्यक्तीच्या पूर्ण नावातच बसलेले असते, आईचे नाव दहावीच्या गुणपत्रकावर छापलेले असते, आणि १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात ते लावणे महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदपत्रांसाठी बंधनकारक केले आहे. जन्मगाव तर पारावर बसलेल्या कोणालाही ठाऊक असते.

गुप्त प्रश्नांची जागा भारतात मोबाइल क्रमांकाने घेतली. एकदाच वापरायचा आणि काही मिनिटांत बाद होणारा आकडा, म्हणजेच ओटीपी, ज्या क्रमांकावर येतो तो क्रमांक बाळगणारा माणूस खातेदार, असे यंत्रणा गृहीत धरते. परंतु क्रमांक ही मालकीची वस्तू नसून चालू ठेवली तरच टिकणारी सेवा आहे. दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार प्रीपेड क्रमांकावर ९० दिवस कसलाही वापर झाला नाही आणि शिल्लक २० रुपयांहून कमी असली तर तो बंद होऊ शकतो, आणि बंद झालेला क्रमांक निदान ९० दिवसांच्या अंतरानंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. पाथर्डी, शेवगाव आणि जामखेड या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जाणारी कुटुंबे गळीत हंगाम संपेपर्यंत परमुलखात राहतात, आणि अशा घरात दोनपैकी एकच फोन भरून चालू ठेवला जाणे स्वाभाविक असते. दुसरा क्रमांक बंद पडला, की त्याला जोडलेले बँकेचे, आधारचे किंवा शिष्यवृत्तीचे दार गाजावाजा न होता लागते, आणि ते लागल्याचे कळते ते थेट हप्ता अडकल्यावर. सिम हरवून त्याच क्रमांकाचे नवे घेतले तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवले जातात. दुसऱ्याच्या नावाचे सिम फसवून मिळवणाऱ्याला लगेच ओटीपी मिळू नये, हा त्यामागचा हेतू असतो. पण तो ठाऊक नसलेला खातेदार त्याच दिवशी पुन:पुन्हा ओटीपी मागवतो आणि प्रयत्नांची मर्यादा संपवून खाते आणखी घट्ट बंद करून घेतो.

क्रमांकाहून अवघड प्रश्न आहे तो खाते मुळात कोणाच्या हातून उघडले गेले, याचा. महा ई-सेवा केंद्रावर अर्ज भरताना गर्दी असते, अर्जदाराकडे ईमेल नसतो आणि मुदत संपत आलेली असते. अशा वेळी चालकच नवा ईमेल उघडतो, पासवर्ड आपल्या वहीत लिहितो आणि काही वेळा मोबाइलच्या रकान्यातही आपलाच क्रमांक टाकतो. त्या दिवसापुरते काम होते, परंतु यंत्राच्या लेखी खातेदार म्हणून ओळख उरते ती चालकाची, आणि पुढच्या वर्षी विद्यार्थी दुसऱ्या गावी शिकायला गेला किंवा केंद्र बंद पडले, की स्वतःच्याच शिष्यवृत्तीच्या अर्जापुढे तो परका ठरतो. घरातही ओळखीची किल्ली अशीच दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २०२५ साली ई-केवायसी, म्हणजे आधारच्या आधारे ओळखीची फेरतपासणी, सुरू झाली तेव्हा लाभार्थी महिलेबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणीही मागितली गेली, आणि ज्यांना पती वा वडील हयात नव्हते त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय करावी लागली.

तिसरी अडचण मराठी नावांच्या घडणीतून येते. यंत्र दोन नोंदी ताडून पाहते तेव्हा ते उच्चार ऐकत नाही, अक्षरे मोजते. आणि ज्या नेवाशात शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच परिसरातल्या एखाद्या ज्ञानेश्वराचे नाव रोमन लिपीत एका कागदावर ‘डी’ने, दुसऱ्यावर ‘जी’ने आणि तिसऱ्यावर ‘जे’ने सुरू होऊ शकते. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिलेही बदलते, आणि ‘बाई’, ‘राव’ ही आदराची शेपटे एका नोंदीत असतात तर दुसरीत नसतात. जन्मतारखेचेही तसेच आहे: शाळेत नाव घालताना तारीख आठवत नसे तेव्हा गुरुजी १ जून लिहून घेत, म्हणून महाराष्ट्रातील एका पिढीचा मोठा भाग कागदोपत्री १ जूनला जन्मला, तर आधार नोंदणीत केवळ वय सांगणाऱ्यांच्या नावापुढे अनेकदा १ जानेवारी लागली. भविष्यनिर्वाह निधीचे खाते शाळेच्या दाखल्यावरून आणि आधार अंदाजावरून बनले असेल, तर एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा परस्परांना खोटे पाडतात. अहिल्यानगर हे जिल्ह्याचे नवे नाव २०२४ साली अधिकृत झाल्याने पत्त्यात दोन नावे दिसू लागली आहेत. मात्र ओळख पटवताना पत्त्याला दुय्यम स्थान असल्याने हा फरक एकट्याने सहसा खाते अडवत नाही.

या पार्श्वभूमीवर परतीच्या मार्गाचा विचार करताना खाते नेमके कसे बंद झाले हे आधी ठरवावे लागते, कारण पासवर्ड विसरणे, खाते दुसऱ्याने बळकावणे आणि सेवाचालकाने ते स्थगित करणे या तीन निराळ्या स्थिती आहेत. पहिल्या स्थितीत यंत्र खुणांची बेरीज करते: विनंती नेहमीच्या फोनवरून आली का, नेहमीच्या ठिकाणाहून आली का, पूर्वीचा एखादा पासवर्ड सांगता आला का. यासाठीच शेवगावात वापरले जाणारे खाते पुण्यातल्या नातलगाच्या संगणकावरून सोडवू पाहण्यापेक्षा ज्या फोनवर ते रोज उघडत असे त्याच फोनवरून, घरूनच प्रयत्न करणे फलदायी ठरते, आणि नेमके उत्तर आठवत नसेल तर प्रश्न सोडून देण्यापेक्षा जवळचा अंदाज देणे बरे असते. काही वेळा यंत्रणा मुद्दाम काही तास किंवा दिवस थांबायला लावते. हा विलंब शिक्षेसारखा भासला तरी त्या काळात जुन्या क्रमांकावर आणि ईमेलवर इशारा जातो आणि खरा धनी वेगळा असेल तर त्याला आक्षेप घेता येतो. जमिनीच्या खरेदीनंतर फेरफार मंजूर होण्याआधी हरकतीसाठी नोटीस काढली जाते, त्याच जातीची ही व्यवस्था आहे.

दुसऱ्या स्थितीत वेळेला महत्त्व येते. चोराने गूगल खात्यातील परतीचा क्रमांक बदलला तरी पूर्वीचा क्रमांक सात दिवसांपर्यंत वापरता येतो, म्हणून पहिला आठवडा मोलाचा. व्हॉट्सॲप क्रमांकाशी बांधलेले असल्याने आपल्या फोनवर पुन्हा नोंदणी केली की परका माणूस बाहेर पडतो. त्याने सहा अंकी पिन ठेवला असेल तर सात दिवस थांबावे लागते. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी, मात्र ‘खाते सोडवून देतो’ म्हणणाऱ्या फोनवर विश्वास ठेवू नये, कारण ओटीपी मागणारा मदतनीस हाच पुष्कळदा पुढचा चोर असतो. तिसऱ्या स्थितीत, म्हणजे समाजमाध्यमाने नियमभंगाचे कारण देऊन खाते स्थगित केल्यास, २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय देणे अपेक्षित असून, त्याने समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. २०२३पासून चालू असलेला हा मार्ग फारच थोड्यांना ठाऊक आहे.

परतीची वाट एकच असू नये, हे या क्षेत्रातील मूळ तत्त्व आहे. पीएम-किसान योजनेच्या ई-केवायसीसाठी ओटीपी, बोटांचे ठसे आणि चेहरा असे तीन मार्ग ठेवले गेले, याचे महत्त्व आयुष्यभर कोयता किंवा खुरपे धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत आणि ज्यांचा क्रमांकही बदलला आहे त्यांना विशेष जाणवते. परतीची आणखी एक वाट तर या जिल्ह्याला फार पूर्वीपासून परिचित आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्या भूमीत १९५०च्या सुमारास उभा राहिला, त्या सहकाराच्या मुलखात बँकेत किंवा पतसंस्थेत खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराने ‘ओळख देणारा’ म्हणून सही करायची, अशी रीत होती. केवायसीच्या कागदांनी ती मागे पडली. ॲपलने २०२१ साली आणि गूगलने २०२५ साली विश्वासातल्या माणसाला परतीचा साक्षीदार नेमण्याची जी सोय दिली, तीत या ओळखदारानेच नवे रूप घेतले आहे: त्याला खात्यात डोकावता येत नाही, धन्याची ओळख मात्र पटवून देता येते.

शनिशिंगणापुरात २०११ साली युको बँकेची शाखा उघडली तेव्हा ती बिनकुलपाची बँक म्हणून देशभर गाजली, तरी तिच्या काचेच्या दाराला दुरून चालणारे, सहजी नजरेस न पडणारे विद्युतचुंबकीय कुलूप होतेच, कारण गावाच्या ओळखीवर चालणारी घरे आणि अनोळखी माणसांचा पैसा सांभाळणारी संस्था यांना एकच नियम पुरत नाही. ऑनलाइन खाते या दुसऱ्या जातीचे असल्याने त्याचे कुलूप टाळता येत नाही, पण त्याच्या किल्ल्या कोणाकडे राहाव्यात हे खातेदाराला ठरवता येते. स्वतःच्या नावाचा क्रमांक, घरातल्या दुसऱ्या माणसाचा परतीचा क्रमांक, नावाची सर्वत्र एकच अक्षरे, आणि गूगलसारख्या सेवा देतात ते प्रत्येकी आठ अंकांचे दहा राखीव आकडे, एवढी तयारी अर्ध्या तासात होते. ते आकडे फोनमध्ये ठेवले तर फोनबरोबर तेही जातात, म्हणून ते कागदावर उतरवून घरातल्या पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवावेत.