तांबड्या दिव्याची नोकरी

अल रीम हे अबुधाबी शहराला पुलांनी जोडलेलं बेट. बेट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे माडाची झाडं, होड्या, वाळत घातलेली जाळी असं काही आलं असेल तर ते पुसून टाका. इथे आहेत उंच इमारती, सॉर्बॉन विद्यापीठाची शाखा आणि २०२३ मध्ये उघडलेला रीम मॉल. बाहेर ४५ अंश असताना त्या मॉलच्या पोटात खोटा बर्फ पडत असतो. शेजारी भेटतात ते लिफ्टमध्ये, नाहीतर पार्किंगमध्ये. त्यामुळे ओळखीही तशाच होतात, म्हणजे माणसाच्या आधी त्याच्या गाडीची.

आमच्या मजल्यावर एक मल्याळी कुटुंब राहतं. त्यांना मी चेट्टन म्हणतो (मल्याळीत थोरला भाऊ) आणि त्यांच्या बायकोला चेची. ते मला 'डॉक्टर' म्हणतात. पीएचडीवाला डॉक्टर सर्दीसुद्धा बरी करू शकत नाही हे त्यांना ठाऊक आहे, तरी म्हणतात. चेट्टनची वीसेक वर्षांची जपानी जीप आहे आणि तिच्यावर त्यांचा फार जीव. चेची नर्स. आठवड्यातून तीन-चार रात्री तीच ती जीप घेऊन ड्यूटीला जाते.

तर ही जीप गेल्या उन्हाळ्यात दोनदा मेली. एकदा इमारतीच्या पार्किंगमध्ये, एकदा हॉस्पिटलच्या दारात, पहाटे तीन वाजता. बॅटरी नवी घातली, तीही महिनाभरात बसली. इथे ऑगस्टच्या रात्रीसुद्धा हवा दमट आणि तापलेली असते. एसी बंद पडलेल्या गाडीत पुलावर अडकलेली एकटी बाई हे चित्र काही बरं नव्हे. चेट्टन मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाले, "डॉक्टर, ज़रा आप देखो ना."

मी विचारलं, बॅटरी बसायच्या आधी गाडीत काय काय केलं होतं? काही नाही म्हणाले. मग आठवलं. मीटरमधले दोन बल्ब गेले होते, तर दुकानदाराने सल्ला दिला की डॅशबोर्ड उघडतोच आहोत तर सगळेच एलईडी टाकून घ्या, पुन्हा बघायला नको.

सल्ला अगदीच वाईट नव्हता. जुन्या मीटरमागे करंगळीच्या नखाएवढे बल्ब असतात, पाव फेरा फिरवला की होल्डरसकट हातात येतात. बल्ब फुटकळ किमतीचा, पण तिथपर्यंत पोचायला अर्धा डॅशबोर्ड सोडवावा लागतो. एलईडी कमी वीज खातो, कमी तापतो, वर्षानुवर्षं टिकतो. (बंद गाडीचा डॅशबोर्ड इथल्या उन्हात ७० अंशांच्या वर जातो, तेव्हा 'वर्षानुवर्षं' जरा सांभाळून.) पण 'सगळेच' हा शब्द मला खटकला. कारण त्या बल्बांपैकी एकाला दिवा असण्याखेरीज आणखी एक नोकरी असते.

बॅटरीचं चित्र असलेला तांबडा दिवा तुम्ही पाहिला असेल. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. गाडीत वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये कायमचा लोहचुंबक नसतो, तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सोडली तर ते चुंबक होतं, आणि चुंबक झालं तरच वीज तयार होते. म्हणजे विहिरीवरच्या जुन्या पंपासारखं. आधी लोटाभर पाणी वरून ओता, मग तो खालचं पाणी ओढणार. बऱ्याच जुन्या गाड्यांत हे लोटाभर पाणी त्या तांबड्या बल्बातूनच जातं. अल्टरनेटर चालू झाला की बल्बाच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज सारखं होतं आणि बल्ब विझतो. डायनॅमोच्या जमान्यातल्या गाड्यांत हा दिवा फक्त माहिती द्यायचा, कारण डायनॅमोच्या लोखंडात उरलेलं चुंबकत्व कामाला पुरे. अल्टरनेटर आला आणि दिव्याला काम लागलं.

आता हिशेब बघा. १२ व्होल्टचा २ वॅटचा बल्ब साधारण १६० मिलिअँपिअर जाऊ देतो. त्या जागी बसवलेला एलईडी देतो फार तर २०. लोट्याऐवजी दोन चमचे. इंजिन जोरात फिरलं तर तेवढ्यावरही अल्टरनेटर जागा होतो, आणि एकदा झाला की इंजिन बंद होईपर्यंत जागा राहतो. हळू फिरलं तर नाही. रीमहून चेचीचं हॉस्पिटल जवळ. सगळे सिग्नल, मोठं इंजिन आणि सावकाश चालवणारी बाई. एसी, दिवे, पंखा सगळं बॅटरीच्या जिवावर.

मग दिवा सांगत नव्हता का? सांगत होता! चेची म्हणाली, तो हल्ली जातच नाही लवकर, कधीकधी सगळा रस्ता लागलेला असतो. दुकानात विचारलं तर म्हणे एलईडी आहे, थोड्याशा गळतीनेही लागतो, लक्ष देऊ नका. हे इतर काही दिव्यांच्या बाबतीत खरं असतं, म्हणून पटलंही.

शनिवारी आम्ही मुसाफ्फाला गेलो. शहराबाहेरची औद्योगिक वस्ती, ओळीने गॅरेजेस. तिथले एक पेशावरी उस्ताद चेट्टनच्या ओळखीचे. त्यांनी बॉनेट उघडलं, मीटर लावला आणि सवयीने ॲक्सिलरेटर दाबला. १४.२ व्होल्ट. "बिल्कुल ठीक है." आतापर्यंत प्रत्येकाने असंच तपासलं होतं. मी म्हटलं, उस्ताद, बंद करून पुन्हा चालू करा, आणि पायच लावू नका. ११.९ व्होल्ट. मिनिटभर आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत उभे. उस्ताद फक्त "अच्छाऽ" म्हणाले.

उस्तादांचं म्हणणं, जुना बल्ब परत घाला, विषय संपला. चूक नव्हतंच. पण तो बल्ब जळाला की लोटाही गेला आणि इशाराही गेला. म्हणून मी एलईडीला समांतर ८२ ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर लावायला सांगितला. काही कंपन्या कारखान्यातच असा लावतात. किल्ली फिरवल्यावर पावणेदोन वॅटपर्यंत तापतो, चार्जिंग सुरू झालं की गार. एलईडी मेला तरी लोटा ओतला जातो. तो प्लास्टिकला टेकू नये म्हणून उस्तादांनी पत्र्याला क्लिप मारून बसवला, ते काम फार सुबक केलं. गाडी चालू केली, पाय न लावता १४.१. चेचीला फोन केला तर तिने रेझिस्टरबद्दल काही विचारलं नाही. "रात्री तीनला चालू होईल ना?" एवढंच.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे एलईडी तुम्हाला सहज मिळतील, तेव्हा आणखी थोडं. एलईडी उलटा बसला तर लागत नाही. काढून फिरवून घालायचा. डाव्या-उजव्या सिग्नलला मिळून एकच बाण असेल तर तो बल्ब बहुधा दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेला असतो आणि वीज कधी इकडून, कधी तिकडून येते. साधा एलईडी तिथे एकाच बाजूला लुकलुकेल. तांबड्या काचेमागे पांढरा एलईडी नको, त्याच्या प्रकाशात तांबडं फारसं नसतं, तांबड्यामागे तांबडाच. आणि एअरबॅग, एबीएसचे दिवे जसे आहेत तसे राहू द्या. काही गाड्यांत कॉम्प्युटर तो बल्ब जागेवर आहे की नाही हे तपासतो.

राहिला हाय बीमचा निळा दिवा. तांबडा एलईडी १९६२ सालचा, पण झगझगीत निळा १९९३ पर्यंत कुणाला जमला नव्हता (आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं). म्हणून जुन्या गाड्यांत तिथे साधाच बल्ब आणि पुढे निळी काच. चेट्टनच्या दुकानदाराने तिथेही निळा एलईडी ठोकला आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला निळा रंग जास्तच बोचतो. परवा लिफ्टमधून उतरताना चेचीने मला गाडीत डोकावायला लावलं. त्या दिव्यावर तिने हॉस्पिटलातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे, दोन पदरी.