मातीखालचं फूल

सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत प्रत्येक घराला एकेक वाफा मिळाला आहे. माझ्या वाफ्यात मी मेथी पेरली होती. आषाढ लागला तसं मेथीच्या ओळींमधून न पेरलेलं काहीतरी पसरू लागलं. उपटायला बसले आणि हात थांबला. पानांच्या बेचक्यात एक फूल होतं. नखाएवढंच, पण निळं. आठवडाभर ढगांआड गेलेलं आभाळ जणू तिथं उतरलं होतं.

दुपारी पुन्हा गेले तर फूल विरघळून गेलेलं. दुसऱ्या सकाळी त्याच बेचक्यातून नवं आलं. याला भेटायचं तर सकाळीच यायला हवं, हे कळलं. मग आठवडाभर चहाचा कप विटेवर ठेवून मी त्याच्यासमोर उकिडवी बसत राहिले.

पाकळ्या तीन. दोन मोठ्या, निळ्या. तिसरी लहान आणि फिकी. पान रुंद, पण शिरा गवतासारख्या देठाकडून टोकाकडे समांतर धावणाऱ्या. म्हणजे हा ज्वारी-बाजरीसारखा एकदल. पान खोडाला जिथं वेढा घालतं, तिथं तांबूस केसांची झालर. फूल नरसाळ्यासारख्या हिरव्या द्रोणातून वर येणारं. एवढं पाहूनही नाव मात्र हाती येईना.

शेवटी शेजारच्या वाफ्यातल्या आजींना विचारलं. भेंडी तोडता तोडता त्या म्हणाल्या, "अगं, केना तो! कोवळी पानं खुड आणि भजी कर." जुन्नरकडच्या शेतात त्यांनी वर्षानुवर्षं केना खुरपला होता. "बांधावर फेकला तरी पेरापेरातून मुळं फुटतात मेल्याला."

केना. दोन अक्षरांत माझ्या आठवड्याचं उत्तर होतं. त्या नावाचं बोट धरून पुस्तकं उघडली, तेव्हा शास्त्रीय नाव सापडलं : कोमेलिना बेंघालेन्सिस. हॉलंडमधल्या कोमेलिन घराण्यावरून कोमेलिना हे नाव आलं. दोन ठळक पाकळ्या म्हणजे त्या घराण्यातले दोन नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ, यान आणि त्याचा पुतण्या कास्पार. तिसरी फिकी पाकळी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच गेलेला तिसरा कोमेलिन, असा खुलासा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने केला आहे. अर्धवट राहिलेल्या एका आयुष्याची आठवण माझ्या मेथीत रोज सकाळी उमलत होती.

पण केन्याची खरी ओळख अजून पटायची होती. आजींनी खुरप्याने एक झुपका मुळासकट उचलला. माती झटकली तशा मुळांमधून पांढुरक्या काड्या दिसल्या आणि त्यांना लागलेल्या मिटल्या कळ्या. तीही फुलंच. ती कधीच उमलत नाहीत. त्यांना रंग नाही, ऊन नाही, माशी-मधमाशीची वाट पाहणं नाही. मिटल्या मिटल्या स्वतःच फळतात आणि मातीतच बी धरतात. वरचं फूल कुणी खुडलं, गुरांनी खाल्लं, तरी खाली पुढच्या पावसाची तयारी झालेली असते. सोयाबीनच्या रानात केना खुरपून कंबर मोडणाऱ्या बाईला तो नकोसा का होतो, ते तेव्हा समजलं. आणि त्याच्या चिवटपणापुढे मान लवलीही.

मेथी जगावी म्हणून ओळींतला केना मी काढला. कोवळ्या पानांची भजी केली आणि पहिली वाटी आजींना नेऊन दिली. कुंपणाकडचा एक झुपका मात्र ठेवला आहे.

तुमच्याही वाफ्यात किंवा कुंडीत या पावसाळ्यात न पेरलेलं काही उगवेल. उपटण्याआधी त्याला एक सकाळ द्या. आणि जवळपास शेतात राबलेली एखादी आजी असेल, तर आधी तिला विचारा. पुस्तकाचं पान कुठं उघडायचं, ते तिच्याकडूनच कळतं.