चौतीस मेंढ्या आणि एक रविवार

ब्रायटन म्हटलं की बीच, पब आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या पार्ट्या! पण याच शहरात काही नोकरदार मंडळी सकाळी उठून टेकडीवर जातात, मेंढ्या मोजतात आणि मग ऑफिस गाठतात. तेही एक पैसा न घेता. त्यांच्यातल्या एकीबरोबर मारलेली ही चक्कर...

‘उद्या सातला निघायचंय. जाड मोजे घाल. आणि ते पांढरे शूज अजिबात नकोत.’

शनिवारी रात्री अकरा वाजता मैत्रिणीने ही ऑर्डर सोडली, तेव्हा मी ब्रायटनच्या नाइटलाइफची स्वप्नं बघत होते. लंडनहून तासाभराच्या ट्रेनने खास त्यासाठी तर आले होते! म्हटलं, रविवारी सकाळी सातला काय आहे बाई? तर म्हणे, मेंढ्या मोजायच्यात. झोप यावी म्हणून इंग्रज लोक मनातल्या मनात मेंढ्या मोजतात, हे ऐकून होते. झोपमोड करून खऱ्याखुऱ्या मोजायला लावतात, हे मात्र नवीन होतं.

ही माझी मैत्रीण मूळची कोथरूडची. कॉलेजात असताना घरातल्या कुंडीला पाणी घालायचं विसरायची. गेली सहा वर्षं ती ब्रायटनमध्ये एका विमा कंपनीत आहे. आणि आता आठवड्यातून एक सकाळ ती ‘लुकरर’ असते.

लुकरर म्हणजे?

लुकरर हा ससेक्स परगण्यातला जुना शब्द. मालकाच्या वतीने गुरा-मेंढरांवर नजर ठेवणारा माणूस. सरळ अर्थ, बघणारा! मधल्या काळात हे काम गेलं, तसा शब्दही मागे पडला. ब्रायटन अँड होव्ह शहराच्या पालिकेने आपल्या टेकड्यांवर पुन्हा मेंढ्या चरायला सोडल्या, तेव्हा तो परत बाहेर निघाला. टेकड्या अनेक, रेंजर मोजके. मग रोज प्रत्येक कळपाकडे कोण बघणार? त्यासाठी शहरातल्याच लोकांना शिकवून तयार केलं. शिक्षक, नर्स, सॉफ्टवेअरवाले, रिटायर्ड आजोबा, कोणीही. मेंढी निरोगी कशी दिसते, आजारी कशी दिसते, काही गडबड वाटली तर फोन कोणाला करायचा, एवढं शिकायचं आणि मग आपापला वार ठरवून घ्यायचा.

आम्ही बारा नंबरच्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पटकावली. उजव्या हाताला समुद्र, खाली चुनखडीचे पांढरेफेक कडे. बस रॉटिंगडीन गावात शिरते, त्याच्या आधी डाव्या हाताला एक बोडकी टेकडी लागते. तिच्यावर १८०२ मध्ये बांधलेली काळी पवनचक्की. हीच बीकन हिल. शहराचं छोटंसं नेचर रिझर्व्ह.

जाता जाता आपल्यासाठी एक गंमत. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात १८६५ मध्ये जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८९७ ते १९०२ याच रॉटिंगडीनमध्ये राहत होता. गावच्या तळ्याजवळ त्याचं घर आहे. पण आपल्याला तिकडे नाही, वर चढायचंय.

बत्तीस, तेहतीस...

नोव्हेंबरचा वारा कानात शिट्ट्या घालत होता. रात्री पाऊस पडून गेलेला. गवतात शूज पचपच करत होते (पांढरे असते तर मेलेच होते!). टेकडीच्या एका भागाला विजेची जाळी लावून मेंढ्या आत ठेवलेल्या. मैत्रिणीने आधी जाळीची बॅटरी तपासली, मग पाण्याची टाकी. मग खिशातून वही काढली. ‘चौतीस असल्या पाहिजेत,’ ती म्हणाली.

आम्ही दोघी मोजायला लागलो. बॉस, हे प्रकरण वाटतं तेवढं सोपं नाही! मेंढ्या एका जागी थांबत नाहीत. एकीच्या मागे दुसरी दडते. ससेक्सचे जुने मेंढके म्हणे जोडी-जोडीने मोजायचे आणि त्यासाठी त्यांचे आकडेही वेगळे होते. आम्ही आपले साधे मराठीत मोजत होतो. माझे एकतीस आले, तिचे तेहतीस. पुन्हा मोजलं. तेहतीस. तिसऱ्यांदा, तेहतीसच.

मैत्रिणीचा चेहरा बदलला. ‘चल,’ एवढंच म्हणाली आणि उताराने पळायला लागली. मी मागे.

पिवळ्या फुलांच्या काटेरी गॉर्सच्या झुडपामागे एक खळगा होता. चौतिसावी तिथे होती. उताणी पडलेली, चारही पाय वर. मला आधी हसूच आलं, खरं सांगते. पण मैत्रीण हसत नव्हती. मेंढीची लोकर पावसाने भिजली की जड होते. खळग्यात पाठीवर पडली तर तिला कूस बदलता येत नाही. रवंथ करणारं जनावर, पोटातला गॅस बाहेर पडत नाही, पोट फुगतं, फुप्फुसं दाबली जातात. काही तासांत खेळ खलास. त्याआधी कावळे डोळ्यांवर येतात, ते वेगळंच.

‘तिकडून धर. लोकर नाही, खांद्याला हात घाल. आता ढकल!’

मी आयुष्यात पहिल्यांदा मेंढीला हात लावला. ओली, गरम आणि भयंकर जड. दुसऱ्या झटक्याला ती वळली. उभी राहिली आणि लगेच लडखडली. पाय बधिर झालेले. मैत्रीण तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकवून तिला आधार देत तशीच थांबली. पाच मिनिटं असतील, मला अर्धा तास वाटला. मग मेंढीने अंग झटकलं, आमच्याकडे ढुंकूनही न बघता कळपाकडे चालायला लागली आणि गवतात तोंड घातलं. थँक्यू वगैरे काही नाही!

मैत्रिणीने रेंजरला फोन करून कळवलं. मग वहीत लिहिलं : ३४.

गवताला मेंढी कशाला?

थर्मासमधली कॉफी पिता पिता मी विचारलं, की इतकी उठाठेव कशासाठी? गवत कापायचं मशीन फिरवा, विषय संपला.

तिने मला खाली बसून नीट बघायला लावलं. चुनखडीवरची माती अगदी पातळ आणि निकस. म्हणूनच कुठलीही एक वनस्पती इथे दादागिरी करू शकत नाही. चांगल्या चुनखडी कुरणात एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत प्रकारच्या वनस्पती सापडतात. उन्हाळ्यात हॉर्सशू व्हेचची पिवळी फुलं येतात. अ‍ॅडोनिस ब्लू नावाच्या निळ्याशार फुलपाखराच्या अळ्या फक्त त्याचीच पानं खातात. त्यांना उन्हाने तापणारं आखूड गवत लागतं. मशीन सगळं एकाच उंचीवर, एकाच दिवशी सपाट करतं. मेंढी इथे थोडं, तिथे थोडं कुरतडते, काही सोडून देते. फुलं येऊन बिया पडल्या की शरद ऋतूत तिला आणायचं. आणलीच नाही, तर काही वर्षांत काटेरी झुडपं सगळं गिळून टाकतात. म्हणजे हे ‘नैसर्गिक’ वाटणारं कुरण शेकडो वर्षं मेंढ्यांनी आणि मेंढक्यांनी सांभाळलेलं आहे.

पूर्वी इथले कळप दिवसा टेकडीवर चरायचे आणि रात्री खालच्या शेतात बसवले जायचे. लेंड्या-मुताने जमीन कसदार व्हायची. मी ताडकन म्हटलं, ‘अगं, हे तर आपल्याकडे धनगर करतात!’ दिवाळीनंतर वाडे निघतात आणि शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. अगदी तेच. फरक एवढाच, की इथली साखळी तुटली. रासायनिक खतं आली. दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी टेकड्या नांगरल्या गेल्या. कळप गेले, मेंढके गेले. ब्रिटनमधली सुमारे ८० टक्के चुनखडी कुरणं दुसऱ्या महायुद्धानंतर नाहीशी झाली. उरलेल्या तुकड्यांवर मग विमा कंपनीतल्या मुली येतात, वही घेऊन.

तेवढ्यात एक गृहस्थ मोकळ्या कुत्र्यासह वर आले. मैत्रिणीने अतिशय गोड आवाजात त्याला पट्टा लावायला सांगितलं. चावलं नाही, नुसतं पळवलं तरी मेंढी धसक्याने मरू शकते. इथे त्यासाठी १९५३ चा कायदाच आहे. गृहस्थांनी सॉरी म्हणत पट्टा लावला. ‘हे पण कामच आहे,’ ती म्हणाली, ‘आणि मेंढीपेक्षा अवघड.’

एक कमी

परतताना मी तिला विचारलं, की तू यात पडलीस कशी? निसर्गप्रेम वगैरे?

ती हसली. ‘कसलं निसर्गप्रेम! इथे आले त्याच्या दुसऱ्या वर्षी मला सणकून ताप आला. चार दिवस घरात एकटी. पाचव्या दिवशी ऑफिसातून एक मेल आला, रजेचा फॉर्म भरा म्हणून. बास. आई-बाबांना मी सांगितलं नव्हतं, उगाच तिकडे काळजी. बरी झाल्यावर याची पाटी दिसली आणि नाव दिलं. पहिल्याच महिन्यात एकदा झोप लागली, गेले नाही. अर्ध्या तासात फोन! एक आजोबा आहेत आमच्या ग्रुपमध्ये. म्हणाले, मेंढ्या मी बघून येतो, आधी सांग, तू ठीक आहेस ना?’

मी काहीच बोलले नाही. माझ्या फोनमध्ये आठशे कॉन्टॅक्ट्स आहेत. चार दिवस मी दिसले नाही तर कोणाचा फोन येईल, ते मनात मोजत बसले. बस आली तेव्हा तीनवर होते.

डिसेंबरात पुण्याला परतले. एका संध्याकाळी दिवे घाटात ट्रॅफिक तुंबलं. पुढे मेंढरांचा कळप. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. एरवी मीही वाजवला असता. गाडी बंद केली आणि मोजायला लागले. साठच्या पुढे हुकलंच. कळपाच्या शेवटी काखेत कोकरू घेऊन एक आजी चालल्या होत्या. मी विचारलं, ‘आजी, मोजता कशी हो एवढी?’

त्या न थांबताच म्हणाल्या, ‘मोजतंय कोन, पोरी? एक कमी असलं की कळतंय.’

जाणार असाल तर...

कसं जाल : लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ब्रायटनला थेट ट्रेन, साधारण तासाभराचा प्रवास. तिथून बारा नंबरच्या बसने समुद्राच्या कडेकडेने रॉटिंगडीन.

कधी : फुलं आणि फुलपाखरांसाठी उन्हाळा, मेंढ्यांसाठी शरद ऋतू. वसंतात चंडोल जमिनीवर घरटी करतात, तेव्हा पायवाट सोडू नका.

आणखी काय : बीकन हिलची पवनचक्की, किपलिंगच्या घराजवळची बाग आणि कड्यांच्या पायथ्याशी समुद्रालगत जाणारा अंडरक्लिफ वॉक. पाय दमले नसतील तर ब्रायटनच्या मरीनापर्यंत चालत परत या.

लक्षात ठेवा : मेंढी उताणी दिसली तर फोटो काढत बसू नका. सरळ करा, ती सावरेपर्यंत धरून ठेवा आणि जवळच्या पाटीवरच्या नंबरवर कळवा.